लेखनाचा वर्ग संपल्यावर

प्रिय,

अनेक आशीर्वाद.

लेखनाचा वर्ग नीट पार पडला हे वाचून फार बरं वाटलं. पण पत्राच्या शेवटी तू लिहिलं आहेस की पुढच्या सत्रात लिहून द्यायचे पेपर आणि प्रेझेंटेशनं एकामागून एक येणार आहेत आणि आता खर्डा तपासून द्यायला कोणी नाही. ही काळजी खरी आहे. वर्गात दर आठवड्याला तुझं लिखाण कोणीतरी मन लावून वाचत होतं, समासात प्रश्न लिहीत होतं. परिच्छेद कसा बांधावा, संदर्भ कसा द्यावा हे पुस्तकातही सापडतं. वाचणारा माणूस मात्र सत्राबरोबर संपतो, आणि लिहिणाऱ्याला सर्वांत जास्त गरज त्याचीच असते.

का, ते सांगतो. 1990 साली स्टॅनफर्ड विद्यापीठात एलिझाबेथ न्यूटन या संशोधक विद्यार्थिनीने एक साधा प्रयोग केला. काही जणांनी ओळखीच्या गाण्यांचा ठेका टेबलावर बोटांनी वाजवायचा आणि समोरच्याने गाणं ओळखायचं. वाजवणाऱ्यांना वाटत होतं, निम्मी गाणी तरी सहज ओळखली जातील. प्रत्यक्षात 120 पैकी 3 ओळखली गेली. वाजवणाऱ्याच्या डोक्यात सूर, शब्द, सगळं गाणं चालू असतं. ऐकणाऱ्याच्या वाट्याला फक्त टकटक येते.

पेपर लिहिताना तुझं नेमकं हेच होणार आहे. महिनाभर विषय वाचल्यावर दोन वाक्यांमधला दुवा तुला दिसतो, म्हणून तो कागदावर उतरला आहे असंच वाटतं. रात्री जागून पुन्हा पुन्हा वाचलंस तरी ती फट दिसणार नाही, कारण वाचताना तू ती मनातल्या मनात भरून काढतेसच. म्हणून वर्गातल्याच एखाद्या मैत्रिणीशी आत्ताच ठरवून टाक की एकमेकींचे खर्डे वाचायचे. तिचा विषय वेगळा असेल तर जास्तच चांगलं. तिला "कसं झालंय?" असं विचारू नकोस, त्यावर "छान" एवढंच उत्तर येतं. कागद बाजूला ठेवायला सांग आणि विचार, "यात काय म्हटलंय ते एका वाक्यात सांग." तिचं वाक्य तुझ्या मनातल्या वाक्याशी जुळलं नाही तर ते पटवून द्यायला बसू नकोस. तिला तोंडी जे समजावून सांगावंसं वाटेल तेच पेपरमध्ये लिहायचं राहिलेलं असतं. ते तिथल्या तिथे टिपून ठेव.

वाचणारं कोणी मिळालंच नाही तर खर्डा पूर्ण झाल्यावर प्रत्येक परिच्छेदाशेजारी चार-पाच शब्दांत लिही की हा परिच्छेद काय सांगतो. मग पेपर मिटून फक्त ती यादी वाच. एखाद्या परिच्छेदापुढे काहीच लिहिता येत नसेल तर तो माहिती भरण्यासाठी आला आहे. एकापुढे दोन गोष्टी लिहाव्या लागल्या तर तिथे दोन परिच्छेद हवेत. आणि हे नक्की तपास: तुझा खरा मुद्दा शेवटच्या परिच्छेदात तर बसलेला नाही ना? फार वेळा तसं होतं, कारण लिहिता लिहिताच आपल्याला काय म्हणायचं आहे ते उमगतं. त्यात वाईट काही नाही, पहिला खर्डा त्यासाठीच असतो. फक्त तो मुद्दा उचलून वर आण आणि प्रस्तावना सगळ्यात शेवटी नव्याने लिही. हे काम एका बैठकीत होत नाही, म्हणून वेळ हाताशी हवा.

वेळेच्या बाबतीत स्वतःच्या अंदाजावर विसंबू नकोस. ब्यूलर, ग्रिफिन आणि रॉस या मानसशास्त्रज्ञांनी 1994 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पदवीचा प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना विचारलं होतं, किती दिवस लागतील? सरासरी उत्तर आलं सुमारे 34 दिवस. लागले सुमारे 55. माणूस अंदाज करताना पुढचा बेत पाहतो, मागच्या वेळी काय झालं होतं ते पाहत नाही. तू मागचं पाहा. वर्गातल्या शेवटच्या पेपरला खरोखर किती दिवस लागले ते आठव आणि नव्या पेपरला तेवढेच धर.

संदर्भांचं थोडक्यात सांगतो. टिपण काढतानाच पान क्रमांक लिही. दुसऱ्याचा विचार आपल्या शब्दांत मांडायचा तर पुस्तक मिटून लिही, मग उघडून ताडून पाहा, आणि तिथेही नाव द्यायचंच. संदर्भ लिहिण्याची पद्धत एपीए वापरायची की एमएलए, हे शिक्षकांना विचारून घ्यायचं. ते नियम पाठ करण्यात डोकं शिणवू नकोस.

आता प्रेझेंटेशन. "माझा आवाज कापतो आणि सगळ्यांना ते कळतं," असं तू लिहिलं आहेस. इथे तुला दिलासा देणारी एक गोष्ट आहे. सॅवित्स्की आणि गिलोविच या मानसशास्त्रज्ञांनी 2003 मध्ये दाखवलं की भाषण करणाऱ्याला आपली भीती जेवढी उघड दिसते असं वाटतं, तेवढी ती ऐकणाऱ्यांना दिसत नाही. ज्यांना हे आधी समजावून सांगितलं होतं त्यांची भाषणं स्वतःच्या आणि श्रोत्यांच्याही मते अधिक चांगली झाली. म्हणजे मनातलं समोरच्याला दिसतं हा भ्रम लिहिताना घात करतो, पण तो भ्रम आहे हे कळणं बोलताना उपयोगी पडतं. मनातला मुद्दा लोकांना आपोआप दिसत नाही, तशी मनातली धडधडही दिसत नाही. उभं राहण्याआधी हे स्वतःला सांग.

पण पेपरच वाचून दाखवू नकोस. पेपरचे वाचक मागे जाऊन पुन्हा वाचू शकतात, श्रोत्यांना तशी सोय नाही. दहा मिनिटांत एक मुद्दा आणि त्याचे दोन भक्कम आधार मावतात, बाकीचं प्रश्नोत्तरांसाठी राखून ठेव. स्लाइडवर परिच्छेद टाकलास तर लोक तो वाचत बसतील आणि तुझं ऐकणं राहून जाईल. त्यापेक्षा वर एक पूर्ण वाक्य आणि खाली एखादी आकृती किंवा तक्ता पुरे. पहिली दोन वाक्यं आणि शेवटचं वाक्य तेवढं पाठ कर. सराव उभं राहून, मोठ्याने, घड्याळ लावून करायचा. मनातल्या मनात केलेला सराव नेहमी वेळेत संपतो, म्हणून त्यावर विश्वास नको.

प्रश्न आला की आधी तो आपल्या शब्दांत परत मांड, तेवढ्यात विचार करायला अवधी मिळतो. उत्तर माहीत नसेल तर "हे मी तपासलेलं नाही, पाहून सांगते," असं सरळ म्हण. आणि नंतर खरंच पाहून सांग. बहुतेक जण हे दुसरं करत नाहीत.

पहिल्या पेपरचा विषय ठरला की अर्धामुर्धा खर्डाच पाठव, शुद्धलेखन तपासत बसू नकोस. मी वाचून, मला त्यातून काय कळलं ते एका वाक्यात लिहून पाठवतो.

कळावे, लोभ आहेच.

तुझे सर