अमेरिकी बेसबॉलमध्ये सुमार खेळाडूलाही कोट्यवधी डॉलर देणं पटण्यासारखं आहे का?

हो, बहुतेक वेळा पटण्यासारखं आहे, कारण मेजर लीगमधला (तिथली सर्वोच्च व्यावसायिक स्पर्धा) 'सरासरी' खेळाडू मुळात सुमार नसतोच. 30 संघ, प्रत्येकी 26 जण, म्हणजे एका वेळी जेमतेम 780 जागा. तुलना करायची ती खालच्या पातळीवरच्या मायनर लीगमधून ऐनवेळी, किमान पगारावर (2025 मध्ये 7 लाख 60 हजार डॉलर) बोलावता येणाऱ्या खेळाडूशी. 162 सामन्यांच्या हंगामात सरासरी नियमित खेळाडू त्याच्यापेक्षा साधारण 2 विजय जास्त मिळवून देतो. खुल्या बाजारात अशा एका जादा विजयाचा भाव ढोबळमानाने 80 लाख डॉलर धरतात. म्हणजे वर्षाला दीड कोटीचा करार दिसायला अवाढव्य, हिशेबात मात्र चोख. तिकिटं आणि प्रक्षेपण हक्कांचा पैसा येतच असतो. खेळाडूला कमी दिला तर उरलेला पैसा मालकाकडे राहतो, तिकीट काही स्वस्त होत नाही.

पण हा भाव सगळ्यांना मिळत नाही. पहिली तीन वर्षं बहुतेकांना किमान पगाराच्या आसपासच मिळतं, पुढची तीन लवादाच्या टप्प्यात जातात (पगारावर क्लबशी जमलं नाही तर आकडा लवाद ठरवतो; तिथेही बाजारभावापेक्षा कमीच), आणि सहा वर्षांच्या सेवेनंतरच खेळाडू कोणत्याही क्लबशी करार करायला मोकळा होतो. तोवर तिशी जवळ आलेली असते. क्लब खरे फसतात ते इथे: दोन चांगल्या हंगामांवर भुलून पाच-सहा वर्षांचा करार करतात, बत्तिशीनंतर बॅटचा वेग आणि धावणं मंदावतं, पण कराराची रक्कम हमीची असल्याने खेळाडूला काढलं तरी पैसे मोजावेच लागतात. सरासरी खेळाडूला दोन-तीन वर्षांचाच करार बरा.