बहिणीला अल्ट्रासाऊंड टेक्निशियन करायचंय. बेळगावात सहा महिन्यांच्या कोर्सला घालू की दोन वर्षांच्या डिप्लोमाला?

तुम्ही लिहिलंय की बहीण पीयूसी (बारावी) सायन्स पास झालीय, घर खानापूर तालुक्यात आहे आणि सहा महिन्यांच्या कोर्सवाले ‘लगेच नोकरी’ म्हणतायत. पैसे भरले नसतील तर भरू नका.

आपल्याकडं सोनोग्राफीचा प्रोब, म्हणजे पोटावर फिरवायचा मशीनचा भाग, टेक्निशियनच्या हातात देत नाहीत. पीसीपीएनडीटी म्हणजे गर्भलिंगनिदानाविरुद्धचा १९९४ चा कायदा. त्याच्या नियमांप्रमाणे हे काम त्या शिक्षणाच्या किंवा ट्रेनिंगच्या नोंदणीकृत डॉक्टरचं. यूट्यूबवर अमेरिकेतल्या मुली स्वतः स्कॅन करताना दिसतात, कारण तिकडं सोनोग्राफर हा वेगळा पेशाच आहे. ते बघून इथं असल्या कोर्सला जातात, आणि असल्या कोर्सला फी भरून बसलेली मी एकटी नव्हते.

२०११ साली माझ्या दादानं त्या वर्षीच्या उसाच्या बिलातले पस्तीस हजार असल्याच एका कोर्सला भरले. मला डिप्लोमा करायचा होता. त्याचं म्हणणं, दोन वर्षं कशाला, सर्टिफिकेट ते सर्टिफिकेटच, लग्नापर्यंत चार पैसे मिळवशील. सहा महिने आम्ही अकरा मुली एका जुन्या मशीनवर एकमेकींच्या पोटावर जेल लावून लिव्हर आणि किडनी शोधत होतो. मी मन लावून शिकले. वहीत काढलेल्या आकृत्या अजून आहेत.

मग एका नर्सिंग होममध्ये मुलाखत. तिथल्या डॉक्टर मॅडमनी सर्टिफिकेट वाचलं, उलटं करून टेबलावर ठेवलं आणि म्हणाल्या, “प्रोब मी धरणार. तू धरलास तर मशीनला सील लागेल आणि मी कोर्टात उभी राहीन.” मला घाम फुटला. पस्तीस हजार डोळ्यांपुढं आले. मग त्यांनी विचारलं, कन्नड येतं? येत होतं. शाळा मराठी, पण शेजारच्या घरात कन्नड, त्यांच्या पोरींबरोबर खेळत शिकले होते. गरोदर बाईच्या सोनोग्राफीला याच कायद्यानं भरावा लागणारा फॉर्म ‘एफ’ लिहायला मला महिना चार हजारांवर ठेवलं.

त्या फॉर्मात मुलगे किती, मुली किती हेही लिहावं लागतं. तीन मुलींची आई असली की सासूच पुढं होऊन आकडा सांगायची, आणि मॅडम आत गेल्या की हळूच, “बाळ, तेवढं विचारून सांग की.” मी नाही म्हणायचे. हा कायदा का आहे हे त्या टेबलावर समजलं. महिन्याचे सगळे फॉर्म पुढच्या पाच तारखेच्या आत सरकारी कचेरीत जायचे. दीड वर्ष ते केलं, पगार साठवला आणि डिप्लोमाला गेले.

दादा आजही म्हणतो, त्या सर्टिफिकेटामुळं तुला पहिली नोकरी लागली. नाही. कन्नडमुळं लागली. आणि “मराठी माणसानं कन्नड कशाला शिकायचं” म्हणून मला ओरडणाराही तोच. सीमाप्रश्न मलाही आहे, माझे आजोबा त्यासाठी तुरुंगात बसलेत. पण सौंदत्तीकडची म्हातारी एक्स-रेच्या टेबलावर असते तेव्हा “उसिरु हिडीरि” म्हणावं लागतं. तिला “श्वास धरा” कळत नाही, आणि श्वास धरला नाही तर फिल्म हलते.

तर, मेडिकल इमेजिंग टेक्नॉलॉजीचा डिप्लोमा घ्या, कर्नाटक पॅरा मेडिकल बोर्डाच्या मान्यतेचा. ऐपत असेल तर बी.एस्सी. त्यात एक्स-रे, सीटी, एमआरआय येतात आणि खरी नोकरी तिथं आहे. सोनोग्राफीच्या खोलीतही काम मिळतं, पेशंट तयार करणं, नोंदी, रिपोर्ट टाइप करणं, पण त्या भरवशावर शिकू नका. कॉलेज बघताना एकच गोष्ट नीट बघा: मुलं रोज कुठल्या हॉस्पिटलात जातात? बेळगावच्या बिम्स, केएलईसारख्या गर्दीच्या मोठ्या हॉस्पिटलात वर्षभर उभं राहिलेली मुलगी आणि फळ्यावर सीटी शिकलेली मुलगी यांत फार फरक पडतो. अंगावर रेडिएशन मोजणारा टीएलडी बॅज देतात का, तेही विचारा.

कोल्हापूरबद्दल विचारलंय. निपाणीत राहत असता तर हो म्हटलं असतं. खानापूरहून खोलीभाडं आणि मेसचा हिशेब आधी करा. सीमाभागातल्या ८६५ गावांतल्या मुलांना महाराष्ट्रात काही ठिकाणी सवलत आहे, या कोर्सला लागू आहे का ते कॉलेजातच विचारा. पुस्तकं मात्र कुठंही गेलं तरी इंग्रजी. मराठी शाळेतल्या मुलीला पहिले चार महिने जड जातात, तेव्हा घरून टोचून बोलू नका.

हृदयाच्या इकोची (हृदयाच्या सोनोग्राफीची) आवड असेल तर कार्डिअ‍ॅक केअर टेक्नॉलॉजी हा वेगळा कोर्स आहे, हे आधी सांगायला हवं होतं.

आणि ‘घालू’ असं लिहिलंय तुम्ही. चौकशीला तिला घेऊन जा आणि प्रश्न तिलाच विचारू द्या. मला दादानं बाहेर बाकावर बसवलं होतं, आणि तो आत जाऊन फी भरून आला होता.