पुरवणीचं पान

प्रिय,

अनेक आशीर्वाद. वृत्तपत्राच्या मुख्य अंकातून काढून तुला पुरवणीत टाकलं, म्हणून तू रडवेली होऊन फोन केलास. तेव्हा मी फारसं बोलले नाही. आज सवडीने लिहिते आहे.

मिलेना येसेन्स्का हे नाव तू प्रागच्या लेखक काफ्काच्या पत्रांमुळे ऐकलं असशील. त्याची पत्रं उरली, तिने त्याला लिहिलेली हरवली, आणि जगाने तिला पत्राच्या मायन्यापुरती ठेवली. याचा मला मनापासून राग येतो. ती हाडाची पत्रकार होती.

जन्म प्रागचा, १८९६ चा. वडील दंतवैद्यकाचे प्राध्यापक. त्यांच्या मनाविरुद्ध लग्न करून ती व्हिएन्नाला गेली. पहिलं महायुद्ध नुकतंच संपलेलं, शहरात खायची भ्रांत. चेक भाषेच्या शिकवण्या घेत, स्टेशनवर लोकांच्या बॅगा उचलत तिने दिवस काढले आणि तिथूनच प्रागच्या वृत्तपत्रांना मजकूर पाठवायला सुरुवात केली. विषय कुठले? कपडे, घर, सिनेमा, रस्त्यावरची माणसं. काफ्काची कथा चेकमध्ये आणली तीही याच काळात, १९२० मध्ये. पुढे १९२५ मध्ये ती प्रागला परतली, तेव्हाही वाट्याला आलं ते बायकांचं पानच.

मधली वर्षं फार वाईट गेली. आजारपण, मॉर्फिनचं व्यसन, मोडलेले संसार. कम्युनिस्ट पक्षात गेली आणि १९३६ मध्ये बाहेरही पडली. मग फर्डिनांड पेरौत्काच्या ‘प्शितोम्नोस्त’ या नियतकालिकात ती राजकारणावर लिहू लागली. हिटलरच्या धाकाने पळून आलेल्या निर्वासितांवरचं तिचं १९३८ चं लेखन मिळवून वाच. आणि १५ मार्च १९३९ ची सकाळ तर वाचच. जर्मन सैन्य प्रागमध्ये शिरतंय आणि ही बाई काय टिपते? पहाटे वाजणारे फोन, नेहमीसारखी शाळेला निघालेली मुलं, नेहमीसारख्या भरलेल्या ट्राम, आणि गप्प झालेली माणसं. रणगाड्यांचे आकडे कुणीही देईल. शाळेची वेळ लक्षात राहते ती वर्षानुवर्षं घरांबद्दल लिहिणाऱ्या हाताला, असं मला ठामपणे वाटतं.

त्यानंतर तिने ज्यूंना आणि इतरांना देशाबाहेर पळून जायला मदत केली, भूमिगत नियतकालिकासाठी काम केलं. नोव्हेंबर १९३९ मध्ये गेस्टापोने, म्हणजे हिटलरच्या गुप्त पोलिसांनी, तिला पकडलं. राव्हेन्सब्रुकच्या छळछावणीत १७ मे १९४४ ला ती गेली, सत्तेचाळिसाव्या वर्षी. तिथे भेटलेल्या सहकैदी मार्गारेटे बूबर-नॉयमानबरोबर तिने छावण्यांवर पुस्तक लिहायचं ठरवलं होतं. ते राहिलं. मार्गारेटेने पुढे मिलेनावरच पुस्तक लिहिलं.

आता तुझं. मंडईवरचा तुझा मजकूर वाचला. पहिले दोन परिच्छेद काढून टाक, त्यांत नुसते बाजारभाव आहेत. तिसऱ्यात ती आजी पाव किलो मागते आणि मग ‘अर्धा पाव दे’ म्हणते, तिथून सुरू कर. पुन्हा मंडईत जा, सकाळी सहाला, आणि तिच्या पिशवीत शेवटी काय काय पडलं ते बघून ये. शुक्रवारपर्यंत मला पाठव.

तुझी,
ताई