गुंता खाली, चूक वर

प्रश्न : ताई, सासूबाईंचं काळं पायमशीन बरीच वर्षं माळ्यावर पडून होतं, ते खाली काढलंय. शिवायला घेतलं की कापडाखाली दोऱ्याचा नुसता गुंता होतो. खालच्या दोऱ्याच्या तीन बॉबिनी बदलून झाल्या, त्या बसतात त्या डबीचा, म्हणजे बॉबिन केसचा, स्क्रू आवळून झाला. नवी केस आणू का? (एक वाचक, गुहागर)

उत्तर : नका आणू. तो स्क्रूही होता तिथे परत न्या. गुंता खाली दिसतो म्हणून सगळ्या जणी खालीच शोधत बसतात, पण तो बहुतेक वेळा वरच्या दोऱ्याचा असतो. टेन्शनच्या, म्हणजे वरच्या दोऱ्याला ताण देणाऱ्या, दोन चकत्यांमध्ये दोरा बसलाच नाही, तर त्याला धरणार कोण? शटल, म्हणजे खाली दोरा पकडणारा भाग, ओढेल तेवढा तो खाली जातो.

ओवताना कापड दाबणारा फूट खाली होता का, आठवून बघा. फूट खाली असला की चकत्या मिटलेल्या असतात, दोरा आत शिरतच नाही. आधी फूट उचला. चाक आपल्याकडे फिरवून दोरा उचलणारी दांडी अगदी वर आणा. मग दोरा दोन्ही हातांनी ताणून चकत्यांत बसवा, शेजारच्या बारीक स्प्रिंगमध्ये अडकवा आणि दांडीच्या भोकातून सुईकडे न्या. आता दोरा ओढा, सरसर येईल. फूट टाकून ओढा, सुई वाकू लागेल इतका तो अडायला हवा. शिकायला येणाऱ्या प्रत्येक मुलीकडून मी हे करून घेते. हाताला फरक कळल्याशिवाय कापड देत नाही.

तरीही दोरा सैलच राहिला, तर आपली खारी हवा आठवा. माझं घर वेंगुर्ल्यात, समुद्राजवळच. गेल्या श्रावणात माझ्याही मशीनला हेच झालं. दुरुस्तीवाल्याने वर न बघताच नवी केस बसवली, गुंता तसाच. शेवटी फूट उचलून सुती चिंधीची घडी चकत्यांमधून ओढली, तर गंजाने तपकिरी होऊन बाहेर आली. तशी चार-पाचदा ओढा. तिथे तेल नको, दोऱ्याला डाग पडतात. पॉलिश पेपर तर अजिबात नको, चरे पडले की दोरा अडकतो.

सुईवरून नख फिरवा. एका बाजूला लांब खाच लागेल, त्याच बाजूने ओवायचं. माळ्यावरचे जुने रीळ मात्र वापरू नका, हाताच्या झटक्याने तुटतात. आणि सुरुवातीला दोन्ही दोरे फुटाखालून मागे घेऊन पहिले तीन-चार टाके बोटांनी धरून ठेवा.