एसजेटीत मदतीचं उत्तर तिसऱ्या क्रमांकावर का जातं?

तुझा प्रश्न थोडक्यात असा: नाशिकला बीफार्म, घरच्या मेडिकलवर चार वर्षं काउंटर सांभाळलेला, आता इंग्लंडमध्ये ओस्पॅप (परदेशी फार्मासिस्टांसाठीचा कोर्स) चालू आहे आणि ट्रेनी फार्मासिस्टच्या जागेसाठी एसजेटी द्यायची आहे, म्हणजे सिच्युएशनल जजमेंट टेस्ट: कामावरचा एक प्रसंग देतात आणि काय करणं किती योग्य, त्या क्रमाने पर्याय लावायला सांगतात. औषधांची माहिती कुठे कमी पडत नाही. पण पेशंटला सगळ्यात जास्त मदत होईल म्हणून जे उत्तर तू पहिलं लावतेस, ते उत्तरपत्रिकेत तिसरं-चौथं निघतं. तर ताई, पुस्तक कुठलं घेऊ आणि प्रश्नसंच किती सोडवू?

पुस्तकाचं नंतर बघू. तू लिहिलेली तीन उत्तरं मी दोनदा वाचली. तिन्हींत तू मालकाच्या मुलीसारखी वागली आहेस. घरच्या मेडिकलवर ते बरोबरच होतं. रोजचं गिऱ्हाईक आलं, चिठ्ठी घरी राहिली, तू पट्टीतल्या दोन गोळ्या कापून दिल्या, वहीत लिहिलं, संध्याकाळी बाबांच्या कानावर घातलं. इथे प्रश्नाची पहिलीच ओळ असते, 'तुम्ही ट्रेनी फार्मासिस्ट आहात.' ती ओळ आपण सगळेच घाईत ओलांडतो. त्या प्रसंगात विक्रीचा, डोस बदलण्याचा, पेशंटला परत पाठवण्याचा अंतिम निर्णय तुझा नसतो. पण म्हणून हात बांधून उभं राहायचं नसतं. तुझ्या हातात काय आहे आणि कुणाला कधी सांगायचं, एवढंच तिथे तपासतात.

माझी चूक नेमकी उलटी होती. मी पुण्याहून आले तेव्हा प्रत्येक प्रश्नात 'सुपरवायझरला विचारेन' हे पहिलं लावायचे. आपल्याकडे सरांना विचारलं की आपली जबाबदारी संपली. इथे पेशंट समोर चक्कर येऊन बसलेला असताना ट्रेनी सुपरवायझरला शोधत फिरत असेल, तर ते उत्तर खाली जातं. आधी त्याला खुर्चीत बसव, काय होतंय ते विचार, कुणाला तरी हाक मारायला सांग.

एक प्रसंग सविस्तर घेते. हा मीच रचलाय, खऱ्या पेपरातला नाही.

शनिवारची संध्याकाळ. फार्मासिस्ट आत सल्ल्याच्या खोलीत एका पेशंटबरोबर आहेत. काउंटरवर एक बाई को-कोडामॉल ८/५०० (कोडीन आणि पॅरासिटामॉल एकत्र असलेली दुखण्यावरची गोळी) चं ३२ गोळ्यांचं पाकीट मागतात. मंगळवारी आणि गुरुवारी तूच त्यांना हेच पाकीट दिलं होतंस, हे तुला आठवतं. पाच पर्याय:

अ) त्यांना दुखतंय, पाकीट देऊन टाकायचं.
आ) 'स्टॉक संपलाय' असं सांगायचं.
इ) त्यांना बाजूला घेऊन काय दुखतंय, दिवसाला किती गोळ्या घेता, आणखी काही चालू आहे का, हे विचारायचं आणि फार्मासिस्टशी बोलल्याशिवाय जाऊ नका म्हणून सांगायचं.
ई) 'हे मी देऊ शकत नाही, जीपीला (फॅमिली डॉक्टरला) दाखवा' असं सांगून पाठवायचं.
उ) खोलीचं दार हलकेच वाजवून फार्मासिस्टना दोन वाक्यांत सगळं सांगायचं.

बहुतेकांना यात कोडीन दिसतं आणि सवय लागली असेल, एवढ्यावर विचार थांबतो. पाकिटावरच लिहिलेलं असतं की याने व्यसन लागू शकतं, तीन दिवसांपेक्षा जास्त घेऊ नये. पण जरा हिशोब कर. एका गोळीत ५०० मिलिग्रॅम पॅरासिटामॉल, दिवसाला जास्तीत जास्त ८ गोळ्या, म्हणजे ३२ गोळ्या कमीत कमी चार दिवस पुरायला हव्यात. मंगळवारचं पाकीट गुरुवारी संपलं असेल, तर दिवसाला १६ गोळ्या, म्हणजे ८ ग्रॅम पॅरासिटामॉल. यकृताच्या दृष्टीने हे आजच बघायला हवं. कदाचित त्या घरातल्या दुसऱ्या कुणासाठी नेत असतील, पण विचारल्याशिवाय ते कळणार कसं?

माझा क्रम इ, उ, ई, आ, अ.

इ पहिला, कारण तो एकट्याने पुरा पडतो. माहिती मिळते, बाई दुकानात थांबतात आणि निर्णय फार्मासिस्टकडे जातो. उ चांगला आहे, पण हातात काहीच माहिती न घेता दार वाजवलंस आणि तेवढ्यात बाई निघून गेल्या तर? ई मध्ये गोळ्या जात नाहीत एवढंच. शनिवारी संध्याकाळी जीपी कुठे उघडा असतो! आता आ आणि अ. तुझ्या उत्तरांत खोटं बोलणं नेहमी शेवटी असतं. खोटं वाईटच, आणि बाई पुढच्या दुकानात जातील हेही खरं. पण अ मध्ये तू स्वतःच्या हाताने नुकसान करतेस, म्हणून तो तळाला. दोन वाईटांत आधी पेशंटचा जीव बघायचा, मग प्रामाणिकपणा. शेजारशेजारचे दोन पर्याय अदलाबदल झाले तरी फार बिघडत नाही, कारण आदर्श क्रमाच्या जितकं जवळ तितके गुण मिळतात. पहिला आणि शेवटचा चुकला की मात्र चांगलाच फटका बसतो.

इथे सगळ्यात जास्त लोक अडखळतात ते यावर: क्रम लावायचा म्हणजे 'आधी हे करेन, मग ते करेन' अशी यादी करायची नसते. प्रत्येक पर्याय सुटा बघायचा. मी एवढं एकच केलं आणि दुसरं काहीच केलं नाही, तर किती योग्य? हे मला पहिले सहा आठवडे कळलंच नव्हतं. दुसऱ्या प्रकारच्या, आठ पर्यायांतून तीन निवडायच्या प्रश्नात मात्र उलट. तिथे तीन मिळून काम पुरं झालं पाहिजे. तिन्ही चांगली पण एकाच गोष्टीची तीन रूपं असतील (सुपरवायझरला सांगा, मॅनेजरला सांगा, सीनियर ट्रेनीला सांगा), तर पेशंटकडे बघणारं कुणीच उरत नाही.

आपल्याच हातून चूक झाल्याचे प्रसंग हमखास येतात, तिथे माझं स्वतःचं सांगते. ट्रेनिंगच्या वर्षात, एका हॉस्पिटलमध्ये, घरी निघालेल्या पेशंटच्या पिशवीत मी अॅम्लोडिपिन (ब्लडप्रेशरची गोळी) ५ च्या जागी १० मिलिग्रॅमचं पाकीट ठेवलं. तपासणीतही ते निसटलं. तासाभराने कपाटात ५ चं पाकीट जसंच्या तसं दिसलं आणि पोटात गोळा आला. टॅक्सीवाल्याचा नंबर मिळवून पिशवी गुपचूप बदलता येईल का, हा विचार मी पुरती पाच मिनिटं केला. आज लिहितानाही लाज वाटते, पण तोच विचार तुझ्या तिसऱ्या उत्तरात आहे: 'पेशंटला घाबरवू नये म्हणून आधी दुरुस्त करेन, मग गरज पडली तर सांगेन.' मी शेवटी फार्मासिस्टना सांगितलं. त्यांनी माझ्यासमोर पेशंटला फोन केला, गोळी घेतली का विचारलं, झालेली चूक सरळ शब्दांत सांगितली, माफी मागितली, योग्य पाकीट घरी पाठवलं, वॉर्डच्या डॉक्टरांना कळवलं. मग मला बाजूला बसवून चूक नोंदवायचा फॉर्म भरून घेतला. कुणी ओरडलं नाही, आणि त्याचंच मला जास्त आश्चर्य वाटलं. एसजेटीतली क्रमवारी जवळजवळ या फोनसारखीच असते: पेशंट सुरक्षित आहे का, त्याला खरं सांगितलं का, बाकीच्यांना कळवलं का, पुन्हा होऊ नये म्हणून नोंद केली का.

दुसरा हमखास विषय गोपनीयता, आणि तिथे आपली माणसंच आपल्याला अडचणीत आणतात. लंडनजवळ हॅरोच्या दुकानात तू उभी आहेस, मंडळाच्या गणपतीत भेटलेल्या काकू येतात आणि मराठीत विचारतात, 'अगं, आमच्या सासूबाईंना त्या नव्या गोळ्या कसल्या दिल्यात? मला काही सांगत नाहीत.' नाशिकमध्ये तू डबी हातात घेऊन सांगितलं असतंस. इथे सासूबाईंच्या परवानगीशिवाय एक अक्षर नाही. पण 'नियम आहे' म्हणून तोंड फिरवायचंही नाही. काकूंना काय काळजी वाटते ते ऐकायचं, सासूबाईंना घेऊन या किंवा त्यांनाच फोन करायला सांगा म्हणायचं. काकू रुसतील. रुसू देत.

वरिष्ठांच्या चुकांचे प्रसंगही येतात, सहकाऱ्याच्या तोंडाला दारूचा वास येतो वगैरे. तिथे पायऱ्या चढायच्या असतात. थेट जीपीएचसीला (इथल्या फार्मासिस्टांची नोंदणी आणि नियमन करणाऱ्या संस्थेला) पत्र लिहिणं सहसा खाली, आणि 'माझा काय संबंध' सगळ्यात खाली. मधे तुझा सुपरवायझर असतो. चूक सुपरवायझरचीच असेल तर त्याच्या वरचा.

आता पुस्तक. जीपीएचसीची फार्मसी व्यावसायिकांसाठीची मानकं २०१७ ची आहेत, एकूण नऊ, आणि फुकट वाचायला मिळतात. ती पाठ करू नकोस. रोज एक मानक घे आणि त्या दिवशी प्लेसमेंटवर किंवा दुकानात ते कुठे दिसलं ते दोन ओळींत लिही. आठवं मानक (शंका आली किंवा काही चुकलं तर बोलायचं) आपल्याकडच्या लोकांना सगळ्यात जड जातं, त्याला दोन दिवस दे. भरतीवाल्यांनी स्वतः दिलेला सरावाचा पेपर असतो, तो शेवटच्या आठवड्यासाठी राखून ठेव आणि घड्याळ लावून सोडव. बाजारातले प्रश्नसंच एखाद-दुसरा पुरे. त्यांची उत्तरं कुणीतरी एकट्याने बसून ठरवलेली असतात. खऱ्या परीक्षेची अनुभवी फार्मासिस्ट मिळून ठरवतात. तुझं उत्तर संचाशी जुळलं नाही आणि कारण वाचूनही पटलं नाही, तर सोडून दे. हजार प्रश्न सोडवून एकाही उत्तराचं कारण न लिहिणारे ट्रेनी मी दरवर्षी बघते.

त्यापेक्षा एक जोडीदार गाठ, शक्यतो इथेच एमफार्म (इथली फार्मसीची मूळ पदवी) केलेला. दोघांनी वेगवेगळा क्रम लावायचा आणि भांडायचं. मी एका वेल्श मुलीबरोबर हे केलं. 'तू सगळ्यांची माफी का मागतेस?' असं तिने विचारलं तेव्हा मला माझ्या उत्तरांतला गुळमुळीतपणा पहिल्यांदा दिसला.

आकडेमोडीचा पेपर वेगळा, त्याला रोज वीस मिनिटं दे आणि एककं तपासत जा, बस्स. ओरिएलवर (या जागांच्या अर्जाच्या वेबसाइटवर) पसंतीक्रम लावताना प्रत्येक जागेखाली व्हिसा स्पॉन्सर करतात की नाही ते वाच. गुण कितीही चांगले आले तरी तुला तिथे ५२ आठवडे कामावर ठेवता आलं पाहिजे. राहायला जाणार नाहीस अशी गावं यादीत घालू नकोस, गुणांच्या क्रमाने जागा वाटताना नेमकं तेच गाव हाती येतं.

आता हा सोडव. ट्रेनींच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तुझ्या बरोबरच्या मुलाने एका विचित्र अक्षरातल्या चिठ्ठीचा फोटो गंमत म्हणून टाकलाय. पेशंटचं आडनाव अर्धं दिसतंय.

अ) ग्रुपवरच सगळ्यांसमोर लिहायचं की हे चूक आहे, काढून टाक.
आ) त्याला लगेच फोन करून फोटो काढायला सांगायचं आणि हे सुपरवायझरच्या कानावर घालावं लागेल, तेही सांगायचं.
इ) आपण ग्रुप सोडायचा.
ई) दुसऱ्या दिवशी आपल्या सुपरवायझरशी बोलायचं.
उ) नाव अर्धंच दिसतंय म्हणून सोडून द्यायचं.

क्रम लाव आणि प्रत्येकाखाली एक ओळ कारण लिही. अ आधी की ई आधी, यावर माझी आणि माझ्या सहकाऱ्याची परवाच चहावर जुंपली होती. तू काय म्हणतेस ते बघून मग माझं सांगते.