2014 च्या आयपीएलमध्ये पंजाब एवढी भारी टीम असून कप का जिंकली नाही? नुसतं नशीब खराब होतं का?

नाही हो भाऊ, नशिबाचा काही संबंध नाही. बॅटिंग एवढी चालली की बॉलिंग कुठं पातळ आहे ते कुणी बघितलंच नाही, आणि ज्या एका टीमला पंजाबची नस सापडली होती तीच नेमकी फायनलला समोर आली. एवढंच झालं.

मी बीडचा. आता बीडचा माणूस पंजाबचा फॅन कामून, असं सगळेच विचारतात, कारण आमच्याकडं एक तर मुंबईवाले नाहीतर धोनीवाले, तिसरा पक्षच नाही. पण त्या वर्षी पंजाबचा कोच संजय बांगर होता ना, बीडचा जन्म, रेल्वेकडून खेळून वर आलेला, 2002 ला हेडिंग्लेला ढगाळ हवेत ओपनिंगला उतरून 68 काढले होते ते. इथल्या माणसाचं नाव आयपीएलच्या कोचच्या खुर्चीवर दिसतंय म्हटल्यावर आम्ही चारपाच जण एका रात्रीत पंजाबी झालो. बाकी टीमशी आमचं काही देणंघेणं नव्हतं.

तेव्हा लोकसभा चालू होती म्हणून पहिला टप्पा यूएईला गेला. आमच्याकडं 17 एप्रिलला मतदान झालं आणि दुसऱ्याच दिवशी अबुधाबीला पंजाब-चेन्नई. मार्चमध्ये गारपिटीनं अख्खा मराठवाडा झोडपलेला, लोकांचा मूड आधीच गेलेला, त्यात बोटावरची शाई अजून ताजी, हॉटेलात टीव्हीसमोर बसलेले सगळे कोण किती लीड घेणार त्याचंच गणित मांडत होते. चेन्नईनं 205 केले तेव्हा चहा ओतणारा पोरगा म्हणाला, झालं तुमच्या बांगरचं. मग मॅक्सवेल आला. 43 बॉलमध्ये 95, आणि मारत काय होता तर उलटा फिरून, बॅट फिरवून, बॉलर बॉल टाकायच्या आधीच हा भलतीकडं तोंड करून उभा. अर्ध्या तासात लीडचं गणित बंद पडलं आणि सगळे टीव्हीकडं वळले, चहावाला पोरगा किटली हातात धरून तसाच उभा. पुढच्या मॅचला राजस्थानविरुद्ध 89, त्याच्या पुढच्या मॅचला हैदराबादविरुद्ध परत 95. तीन मॅचमध्ये 279 रन! यूएईतल्या पाचच्या पाच मॅच जिंकून पंजाब भारतात आलं.

लीगमध्ये 14 पैकी 11 जिंकले, 22 पॉइंट, टेबलला एक नंबर. आणि ही काय फक्त मॅक्सवेलची टीम नव्हती, मिलर होता, सेहवाग होता, बेलीसारखा थंड डोक्याचा कॅप्टन होता, अक्षर पटेल तेव्हा पोरगंच होतं पण 17 विकेट आणि ओव्हरला जेमतेम सहा रन, संदीप शर्माच्या नव्या बॉलनं 18 विकेट.

आता खरी गोष्ट. त्या पाच विजयांमधली एक मॅच नीट बघा, 26 एप्रिलची कोलकात्याविरुद्धची. पंजाब 132 वरच अडकलं. जिंकले, कारण कोलकाता 109 वर ऑलआउट झालं, म्हणून त्या 132 कडं कुणी लक्षच दिलं नाही. पण कोलकात्याचे स्पिनर नरीन आणि चावला दोघं मिळून ओव्हर टाकायला लागले की ही बॅटिंग गुदमरते हे तिथंच दिसलं होतं, त्यांचा कॅप्टन गंभीरला तर नक्कीच दिसलं असणार. पुढं कटकला कोलकात्यानं 150 चं टार्गेट एक विकेट घालवून मारलं. मग क्वालिफायर वनला, म्हणजे जो जिंकेल तो थेट फायनलला अशा मॅचला, ईडनवर 163 करून पंजाबला 135 वर थांबवलं, तिथं आपल्या विदर्भाच्या उमेश यादवनं 13 रनात 3 काढल्या. म्हणजे फायनलच्या आधीच हिशोब 2-1 कोलकात्याच्या बाजूनं होता. कटकलाच चेन्नईविरुद्ध 90 मारल्यानंतर मॅक्सवेलचं पूर्ण सीझनमध्ये परत एकदाही पन्नास झालं नाही, हेही लक्षात ठेवा.

मधे वानखेडेला क्वालिफायर टू झाली, फायनल गाठायची दुसरी संधी, सेहवाग 122, आणि समोरून चेन्नईच्या रैनानं 25 बॉलमध्ये 87 मारून सगळ्यांच्या पोटात गोळा आणला, तो रनआउट झाला नसता तर हा प्रश्नच तुम्ही विचारला नसता. पंजाबनं 226 केले होते, जिंकले फक्त 24 नं. पॉवरप्लेमध्येच चेन्नई शंभरवर होती. आता सांगा, ही बॉलिंग कप जिंकणारी वाटते का.

फायनल 1 जूनला बंगळुरूला, समोर परत कोलकाता. पहिल्या दहा ओव्हरला पंजाब 58 ला 2, सेहवाग, बेली दोघं स्वस्तात गेलेले. तिथून साहानं 55 बॉलमध्ये नाबाद 115 मारले, आयपीएल फायनलमधलं पहिलं शतक, नरीनलाही सोडलं नाही, आणि सोबत मनन वोहराचे 67. मॅक्सवेल शून्यावर गेला तरी 199 झाले. आम्ही गुलाल आणायला पोरगं पाठवायच्या बेतात होतो, लई घाई आम्हाला.

199 पुरत नाहीत असं कधी होतं? बॉलिंगला माणूस नसला की होतं. त्या मॅचला संदीप शर्मा टीममध्येच नव्हता! सीझनभर ज्यानं नवीन बॉलवर विकेट काढल्या तोच बाहेर. अक्षरनं चार ओव्हरमध्ये फक्त 21 दिले, पण बाकी कुणालाच रन थांबवता आले नाहीत. करणवीरनं 4 विकेट काढल्या पण 54 देऊन. कोलकात्याचा मनीष पांडे 50 बॉलमध्ये 94 मारून गेला, आणि शेवटी 19 व्या ओव्हरला पंजाबच्या जॉन्सनला सिक्स कुणी मारला तर पीयूष चावलानं. विनिंग फोरपण त्याचाच, तीन बॉल राहिले होते. मॅक्सवेलची विकेटपण त्यानंच घेतलेली. आणि हा चावला 2008 पासून 2013 पर्यंत पंजाबकडूनच खेळत होता, त्या वर्षीच्या ऑक्शनला कोलकात्याकडं गेला. म्हणून मला नशीब वगैरे बोललेलं पटत नाही, स्वतःचा लेगस्पिनर जाऊ दिला आणि त्यानंच बॅटनंही मारलं, बॉलनंही.

कोलकात्याचंपण श्रेय द्या. पहिल्या सात मॅचमध्ये दोनच जिंकलेली टीम, मग फायनल धरून सलग नऊ. फॉर्म एप्रिलमध्ये येऊन उपयोग नसतो, तो मे संपताना लागतो.

बीडमध्ये त्या फायनलवर नीट चर्चासुद्धा झाली नाही. रविवारी रात्री मॅच झाली आणि मंगळवारी सकाळी दिल्लीहून गोपीनाथ मुंडे साहेब अपघातात गेल्याची बातमी आली, मग कोण क्रिकेट बोलतंय, सगळी गर्दी परळीकडं. आमच्याकडं आजही 2014 म्हटलं की लोकांना तेच आठवतं, पंजाबची फायनल मोजून चारपाच जणांना.

बांगरना त्याच वर्षी ऑगस्टमध्ये भारताच्या कोचिंग स्टाफमध्ये घेतलं, ते त्या सीझनच्या जोरावरच असं आमचं मत. पंजाब मात्र 2015 आणि 2016, दोन्ही वर्षं शेवटच्या नंबरवर. तीच कोअर, तोच कोच, तोच मॅक्सवेल, फक्त बॅटिंग चालायची थांबली आणि बॉलिंग होती तशीच राहिली.