शालेय हॉकीतून अमेरिकेतील महाविद्यालयीन हॉकीत जाताना सर्वांत मोठा फरक कोणता जाणवतो?

माझ्या मते चेंडूच्या वेगाचा. अमेरिकेतील अनेक हायस्कुलांत अजूनही गवतावर खेळ होतो. महाविद्यालयात मात्र बहुधा पाणी मारलेले, आखूड धाग्यांचे कृत्रिम मैदान असते, जिथे चेंडू फारसा न उसळता सरळ घसरत येतो, आणि तो स्टिकवर अलगद थांबवून त्याच हालचालीत पुढच्या पासच्या दिशेने वळवता आला नाही, तर समोरची खेळाडू तो हिरावून नेते. म्हणून उन्हाळ्यातच पहिल्या स्पर्शाचा सराव करावा: गुडघे वाकवून, डावा हात किंचित पुढे ठेवून आणि चेंडू येण्यापूर्वी एकदा खांद्यावरून मागे पाहून. शालेय संघाची कर्णधारसुद्धा पहिल्या वर्षी बाकावर बसू शकते, याची तयारी असावी. शिष्यवृत्तीवर भिस्त असल्यास एनसीएए या अमेरिकेतील महाविद्यालयीन खेळांच्या संघटनेच्या तिसऱ्या डिव्हिजनमध्ये (म्हणजे तिसऱ्या गटातील महाविद्यालयांत) क्रीडा शिष्यवृत्ती दिली जात नाही, हेही ध्यानात घ्यावे.